एक किलोमीटरची वेस

पूर्वी गावाला वेस असायची. वेशीच्या आत गाव, वेशीच्या बाहेर आम्ही. ती दगडाची होती, त्यामुळं डोळ्याला दिसायची. आजची वेस दिसत नाही. ती नकाशावर आहे, शिक्षण खात्याच्या कॉम्प्युटरात आहे, राजपत्राच्या बारीक टायपात आहे. तिचं माप एक किलोमीटर. ह्या एका किलोमीटरनं कोणतं पोर कोणत्या शाळेत बसणार, हे ठरतं. आणि ही मोजपट्टी साहेबाच्या हातात असल्यामुळं ती कधी ताणली जाते, कधी आखडली जाते. कशीही धरली तरी मार मात्र आमच्याच पोरांच्या पाठीवर.

दोस्तांनो, आपल्याला एक खोटं लहानपणापासून पाजलेलं आहे. शाळेत जागा मिळाली नाही तर म्हणायचं, नशीब. पोर हुशार नव्हतं, बाप वेळेवर गेला नाही, आईला फॉर्म भरता आला नाही. च्यायला, नशीब कसलं? शाळेतली जागा काही पावसासारखी आभाळातून पडत नाही. ती मोजली जाते, छापली जाते, वाटली जाते. मोजणारा माणूस असतो. वाटणारा माणूस असतो. त्याला पगार असतो, खुर्ची असते, आणि त्याच्यावर कायद्यानं टाकलेलं कर्तव्य असतं. तेव्हा जागा नाही असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: मोजली कुणी? वाटली कुणाला?

हा प्रश्न आजचा नाही. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महाराच्या पोरानं प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. शाळा सरकारी, पैसा रयतेचा. तरी पोराला दार बंद. त्यानं सरकारकडे अर्ज केला. जुलैमध्ये मुंबई सरकारनं ठराव केला. त्याचा मतलब असा, की निव्वळ न्याय बघितला तर पोराचं म्हणणं खरं आहे, पण एकदोन महारांसाठी सरकारनं मध्ये पडलं तर शाळा बाकीच्या लोकांच्या उपयोगाची राहणार नाही. म्हणजे न्याय तुझ्या बाजूनं, शाळा त्यांच्या बाजूनं. पोराचं नावसुद्धा इतिहासात उरलं नाही. ठराव मात्र उरला. बाबासाहेबांनी ही हकिगत पुढं नोंदवून ठेवली म्हणून आपल्याला ती माहीत. तो ठराव नीट लक्षात ठेवा. पुढं त्याची गरज पडणार आहे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं साक्ष दिली. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारच्या तिजोरीतला पैसा शेतकऱ्या-कष्टकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी खालच्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या, निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. एका संस्थानिकाला जे जमलं ते पुढं लोकशाही सरकारांना जमलं नाही, ह्यातच सगळं आलं.

आणि हेही ध्यानात घ्या. १९२३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण लोकल बोर्ड आणि नगरपालिकांच्या हाती दिलं गेलं. लोकल बोर्ड म्हणजे कोण? गावचा पाटील, तालुक्याचा बागायतदार, पेठेतला सावकार. ज्यांनी विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांच्याच हातात शाळेची किल्ली. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनपुढं दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी ह्या हस्तांतराला विरोध केला. स्थानिक कारभार म्हणजे लोकांचा कारभार, असं गोड गाणं तेव्हाही गायलं जात होतं. बाबासाहेबांनी विचारलं ते आपण आजही विचारायचं: कोणत्या लोकांचा?

आता आजच्या कायद्याकडे या. राज्यघटनेनं सांगितलं होतं की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करा. १९६० गेलं. १९७० गेलं. शेवटी २००२ ला घटना दुरुस्त करून शिक्षण हा मूलभूत हक्क केला, २००९ ला कायदा केला आणि १ एप्रिल २०१० ला तो लागू झाला. पन्नास वर्षं उशीर. पोरं तोवर बाप झाली, बाप म्हातारे झाले.

ह्या कायद्याचं कलम ९ प्रत्येक पोरानं पाठ करावं असं आहे. ते स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं सांगतं. स्थानिक प्राधिकरण म्हणजे महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. ह्यांनी काय करायचं? आपल्या हद्दीत शेजारशाळा असल्याची खात्री करायची. हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची. दुर्बल आणि वंचित घरच्या पोरांशी भेदभाव होऊ द्यायचा नाही. स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांच्या पोरांना शाळेत घ्यायचं. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. उपकार म्हणून नाही, कर्तव्य म्हणून.

म्हणजे कायद्याप्रमाणं काम असं चालायला पाहिजे: आधी पोरं मोजा, मग शाळा मांडा. चालतं उलटं. आधी असलेल्या शाळा बघा, मग त्यात पोरं कोंबा. उरलेल्या पोरांची नोंदच करू नका, म्हणजे ती उरली असं दिसणार नाही. वीटभट्टीवरचं पोर कोणत्या रजिस्टरात आहे? उसाच्या तोडीला आईबापाच्या मागं गेलेलं पोर दिवाळीनंतर कोणाच्या हद्दीत येतं? गावाची शाळा म्हणते, ते गेलं. कारखान्याकडची शाळा म्हणते, ते आमचं न्हाई. दोन हद्दींच्या मधल्या फटीत पोर पडतं आणि हिशेब मात्र दोन्हीकडचा बरोबर येतो.

आता शहरात चला. कायद्याच्या कलम १२ प्रमाणं खाजगी विनाअनुदानित शाळेनं पहिलीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा शेजारच्या वंचित आणि दुर्बल घरांतल्या पोरांना द्यायच्या, आणि आठवीपर्यंत फुकट शिकवायचं. सरकार शाळेला पैसे भरून देणार. शाळाचालक ह्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. १२ एप्रिल २०१२ ला कोर्टानं कायदा उचलून धरला. अल्पसंख्याक संस्थांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या, आणि २०१४ च्या निकालानं अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळाही कायद्याबाहेर काढल्या. उरलेल्या शाळांत तरी आमच्या पोराला हक्कानं बसता यायला पाहिजे होतं.

हक्क मिळाला लॉटरीतून. २०२३-२४ साली महाराष्ट्रात सुमारे ८,८०० शाळांत १ लाख १ हजार ८४६ जागा होत्या. अर्ज आले ३ लाख ६४ हजारांवर. एका जागेला साडेतीन पोरं. एक आत, अडीच बाहेर. मूलभूत हक्काची सोडत काढणारा देश जगात शोधून सापडेल का? मतदानाचा हक्क लॉटरीनं देता का रे? मग शिक्षणाचा का?

लॉटरीच्या आधी फॉर्म असतो. फॉर्म ऑनलाइन. वस्तीतल्या आयाबाया सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजून तो भरतात. त्यात आपलं घर नकाशावर टिपून दाखवायचं असतं, कारण त्यावरून अंतर मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आतले पहिले, तीन किलोमीटरपर्यंतचे नंतर. आता नाल्याकाठच्या झोपड्या नकाशावर कशा दिसतात ते एकदा बघा. करडा ठिपका. गल्लीला नाव नाही, घराला नंबर नाही. कॅफेतल्या पोरानं बोट इकडचं तिकडं ठेवलं की अंतर बदलतं. लॉटरी लागली तरी पडताळणीत साहेब म्हणतो, तुमचं लोकेशन चुकलंय, प्रवेश रद्द. आणि अंतर म्हणजे नकाशावरची सरळ रेघ. त्या रेघेत मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, हायवे आहे, नाला आहे, हे रेघेला कळत नाही. सहा वर्षांचं पोर काही कावळा नाही, उडत जायला.

मग कागद. रेशनकार्ड, लाइट बिल, घरपट्टी, आधार. ज्याच्याकडे ह्यातलं काही चालू पत्त्याचं नाही त्यानं नोंदणी केलेला भाडेकरार आणायचा. झोपडपट्टीत खोली भाड्यानं देणारा मालक निबंधकाच्या कचेरीत येऊन करार नोंदवून देतो, असं ज्यानं हा नियम लिहिला त्याला वाटत असेल तर त्यानं एक दिवस आमच्याकडं राहायला यावं. कराराचं नाव काढलं की मालक म्हणतो, "खोली खाली कर." तोच कायदा एका बाजूला सांगतो की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही पोराला प्रवेश नाकारता येणार नाही. वयाच्या दाखल्याला सवलत, राहण्याच्या दाखल्याला फास. कारण राहण्याचा दाखला नसणं हीच तर आमची जात झाली आहे शहरात.

मी कागदांसाठी माणसं घेऊन कचेऱ्यांत खूप फिरलो आहे. एकदा पडताळणीच्या टेबलावरच्या कारकुनाला एका बाईनं विचारलं, "साहेब, माझं घर तिथंच हाय, तुम्ही येऊन बघा की." तो म्हणाला, "आम्ही घर बघत नाही, कागद बघतो." त्या माणसावर राग काढून उपयोग नाही. त्यानं व्यवस्थेचं खरं तत्त्व एका वाक्यात सांगून टाकलं. व्यवस्था घर बघत नाही. व्यवस्था पोर बघत नाही.

इतक्या चाळण्यांतून जी पोरं आत शिरत होती, तीही सहन झाली नाहीत. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. काय बदललं? ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांचं बंधन नाही. वाचताना किती साधं वाटतं! पण शहरात अशी कोणती खाजगी शाळा आहे जिच्या एक किलोमीटरच्या आत पालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही? एका ओळीत जवळजवळ सगळी दारं बंद. कायदा रद्द केला नाही, त्याला हात लावला नाही. फक्त मोजपट्टी उलटी धरली. शेजारी शाळा असावी म्हणून जो एक किलोमीटर लिहिला होता, त्याच एका किलोमीटरची भिंत केली.

मग त्यांनी जागांचा डोंगर दाखवला. पंचवीस टक्क्यांच्या यादीत सरकारी, पालिकेच्या, अनुदानित शाळा घातल्या आणि आठ लाखांहून जास्त जागा असल्याचं सांगितलं. बघा, आम्ही जागा आठपट केल्या! ज्या शाळेत पोर तसंही फुकट जाऊ शकतं, तिथं जायला ऑनलाइन फॉर्म आणि लॉटरी! लोक काही येडे नाहीत. आदल्या वर्षी साडेतीन लाखांवर अर्ज आलेल्या ह्या राज्यात लाखभरसुद्धा अर्ज आले नाहीत. मोर्चा नाही, घोषणा नाही. आयांनी फॉर्मच भरला नाही. ह्याहून स्पष्ट मतदान कोणतं?

पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. ६ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. अर्ज नव्यानं मागवले, तर त्याच महाराष्ट्रात २ लाख ४२ हजारांवर अर्ज आले. १९ जुलै २०२४ ला कोर्टानं ती दुरुस्तीच रद्द केली. सांगितलं, की सरकारला नियम करायचा अधिकार आहे तो कायदा राबवायला, कायदा मोडायला नाही, आणि ही दुरुस्ती घटनेनं दिलेल्या शिक्षणाच्या हक्काच्या विरुद्ध आहे. सुप्रीम कोर्टानंही त्याच ऑगस्टमध्ये हा निकाल कायम ठेवला.

जिंकलो? अर्धंच. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि निकाल लागला जुलैमध्ये. स्थगितीच्या आधी ज्या शाळांनी त्या जागांवर फी भरणारी पोरं घेतली होती, त्यांचे प्रवेश हलवू नयेत असं कोर्टालाही म्हणावं लागलं. पोराचं पहिलीचं वर्ष एकदाच येतं. सरकारला चुकीचा नियम करायला एक सही लागते आणि तो मोडायला आम्हाला पाच महिने लागतात. त्या पाच महिन्यांचा हिशेब कुणी दिला नाही, कुणी मागितलाही नाही.

आता त्या धारवाडच्या ठरावाची आठवण काढा. तेव्हाचं म्हणणं काय होतं? न्याय पोराचा, पण त्याला आत घेतलं तर बाकीच्यांना शाळा नकोशी होईल. आणि २०२४ चं म्हणणं काय होतं? हक्क तुझा, पण तुझ्यासाठी तिकडं वेगळी शाळा आहेच की. भाषा गुळगुळीत झाली, एवढाच १६८ वर्षांतला फरक. तेव्हा विटाळ होता, आता बाजार आहे.

इथं आपलेच काही मित्र आडवे येतात. म्हणतात, "अरे, सरकारी शाळा सोडून तुम्ही शेटजीच्या इंग्लिश मीडियममागं का लागता? त्या २५ टक्क्यांमुळंच सरकारी शाळा ओस पडतात. सरकारचा पैसा खाजगीच्या घशात जातो." हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्यात तथ्य आहे. सरकार एका पोरामागं वर्षाला १७,६७० रुपये असा दर ठरवतं, तेही वेळेवर देत नाही, शाळाचालक थकबाकीची बोंब मारतात आणि राग काढतात आमच्या पोरांवर. गणवेश, पुस्तकं, बस, सहल ह्यांच्या नावानं घरच्यांची पिळवणूक होते. आठवी झाली की मोफत संपलं. नववीला पोराच्या हातात फीचं बिल. ज्या शाळेत आठ वर्षं काढली तिथून त्याला बाहेर काढलं जातं, ऐन दहावीच्या तोंडावर. लॉटरी लागलेल्या पोराची ही गत, तर न लागलेल्याचं काय सांगायचं?

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना मी एकच विचारतो. तुमची पोरं कुठं शिकतात? ज्या सचिवानं फेब्रुवारीचा नियम लिहिला, ज्या मंत्र्यानं तो मंजूर केला, त्यांच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेलच ना? मग त्यांची पोरं तिथं का नाहीत? सरकारी शाळा वाचवायचा मक्ता फक्त मोलकरणीच्या पोरानं घेतला आहे का? आणि हे आपल्याही माणसांना लागू आहे. राखीव जागेवर शिकून नोकरीला लागलेला, कॉलनीत फ्लॅट घेतलेला आपला साहेब वर्षातून एकदा १४ एप्रिलला वस्तीत येतो, शिक्षणावर भाषण ठोकतो. त्याच वस्तीतल्या पालिकेच्या शाळेच्या गळक्या छताकडं मान वर करून बघत नाही. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते एकट्यानं शिकून पळून जा म्हणून नव्हे.

सरकारी शाळेवरचं सरकारचं प्रेम किती खरं आहे ते बघायचं असेल तर आता गावाकडं चला. कारण मोजपट्टीचं दुसरं टोक तिथं आहे.

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला पाहिजे. प्राथमिक शाळेसाठी किमान वीस पोरं असावीत असंही त्यात आहे. हा वीसचा आकडा शाळा काढण्यासाठी लिहिला. वापरला जातोय शाळा मोडण्यासाठी. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचा घाट घातला गेला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या. त्यात १ लाख ८५ हजार पोरं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात फर्मान निघालं, की ह्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव पाठवा. दाखले दिले पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे आणि नंदुरबारच्या तोरणमाळचे.

ह्या शाळा कुठं आहेत? गावच्या चौकात नाहीत. त्या आहेत दलितवस्तीत, आदिवासी पाड्यावर, बंजारा तांड्यावर, धनगरवाड्यावर, डोंगराच्या कुशीत. त्यातल्या कित्येक वस्तीशाळा म्हणून सुरू झाल्या, कारण गावची शाळा लांब होती, ओढा आडवा होता, किंवा गावच्या शाळेत आमच्या पोराला वेगळं बसवत होते. हा इतिहास पटसंख्येच्या रकान्यात मावत नाही. साहेब म्हणतो, बारा पोरांसाठी दोन मास्तर परवडत नाहीत. बारा पोरं कमी कशी झाली ते साहेब विचारत नाही. आईबाप कामाला शहरात गेले. मास्तराला निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलं. एका खोलीत चार इयत्ता बसवल्या. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून खाजगी शाळांना रान मोकळं केलं, त्यांच्या पिवळ्या गाड्या वाडीवस्तीवरून पोरं उचलून न्यायला लागल्या. आधी शाळा पोखरायची आणि मग ती पोकळ आहे म्हणून पाडायची.

समूह शाळेत सगळं असेल म्हणे. मैदान, प्रयोगशाळा, कॉम्प्युटर. असेल. पण तिथं जायला गाडी लागेल. गाडी पावसात बंद पडेल, डिझेलचं बिल अडकेल. पहिल्यांदा पोरगी घरी बसेल. तिला धाकट्या भावाला सांभाळायला ठेवतील, मग शेळ्यांमागं पाठवतील, मग लगीन लावून देतील. कुणी म्हणणार नाही की सरकारनं तिला शाळेतून काढलं. म्हणतील, तिचे आईबाप अडाणी. ह्याला म्हणतात बिनरक्ताचा खून.

आता दोन्ही टोकं जोडा. शहरात सरकार म्हणालं, तुझ्या घराजवळ आमची शाळा आहे, म्हणून तू खाजगीत जाऊ नको. गावात सरकार म्हणतं, तुझ्या घराजवळची आमची शाळा आम्हाला परवडत नाही, म्हणून तू लांब जा. शहरात जवळची शाळा हे दार बंद करायचं कारण. गावात जवळची शाळा हाच गुन्हा. बोलण्यात मेळ नाही, पण कामात शंभर टक्के मेळ आहे. दोन्हीकडं खर्च वाचतो सरकारचा, सोय होते पैसेवाल्याची, आणि चालावं लागतं आमच्या पोराला. जागेची टंचाई आहे असं म्हणू नका. जागेचं राजकारण आहे.

मग मागायचं काय? फक्त २५ टक्के? नाही. पंचवीस टक्के म्हणजे उंबरठ्यावर ठेवलेला एक पाय. तो काढायचा नाही, कारण काढला की दार लागलंच. पण तेवढ्यावर थांबायचंही नाही. १९६६ साली कोठारी आयोगानं सांगून ठेवलंय की सगळ्या थरांतली पोरं एकाच शेजारशाळेत शिकली पाहिजेत. कलेक्टरचं आणि कचरा उचलणाऱ्याचं पोर एका बाकावर. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणानं ही समान शाळा मान्यही केली. मग तिला फाइलीत पुरलं. ती उकरून काढायची. तोपर्यंत हे मागायचं:

एक. प्रत्येक वॉर्डानं आणि प्रत्येक ग्रामपंचायतीनं चौदा वर्षांपर्यंतच्या पोरांची नोंदवही जाहीर वाचून दाखवावी. कलम ९ प्रमाणं ती ठेवणं त्यांचं काम आहे. आपलं पोर त्यात नसेल तर तिथंच लिहायला लावायचं.

दोन. प्रत्येक शाळेत पहिलीच्या जागा किती, त्यातल्या २५ टक्के किती, भरल्या किती, रिकाम्या किती आणि का, हे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावावं. रिकामी ठेवलेली जागा म्हणजे कुणाच्या तरी ताटातून काढून घेतलेली भाकर.

तीन. भाडेकराराची अट काढा. अंगणवाडी सेविकेला वस्तीतलं प्रत्येक घर माहीत असतं. तिचा दाखला चालला पाहिजे.

चार. पालकांच्या आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही वाडीवस्तीची शाळा बंद करायची नाही. ज्या अधिकाऱ्याला दूरची शाळा जवळ वाटते, त्यानं जुलैच्या पावसात पोराचं दप्तर पाठीला लावून तो रस्ता चालून दाखवावा.

पाच. आठवीनंतर पोराला रस्त्यावर काढू नका. बारावीपर्यंत फी सरकारची.

सहा. नवीन खाजगी शाळेला परवानगी द्यायच्या आधी तिथली सरकारी शाळा का पडली, ह्याचा जाब द्या.

ही मागणी अर्ज करून सुटणारी नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण कामाला हत्यार आहे. २००५ चा माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज करता येतो. शाळा व्यवस्थापन समिती आहे, कायद्यानं तिच्यात पाऊणभर पालक असतात, निम्म्या बाया असतात, वंचितांच्या पोरांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. कितीतरी ठिकाणी त्या जागांवर सरपंचाचे मेहुणे बसलेत. त्यांना उठवा. आपल्या आया बसवा. त्यांना लिहिता येत नसेल तर शेजारी तुम्ही बसा.

प्रत्येक वस्तीत चार पोरापोरींनी एक आठवडा काढा. घरोघर जा. पोरांची यादी करा: नाव, वय, शाळेत जातं की नाही, जात नसेल तर का, शाळा किती लांब, रस्ता कसा. नकाशा स्वतः काढा, पायानं चालून. नाला कुठं, रूळ कुठं, दारूचा गुत्ता कुठं, सगळं टाका त्यात. मग ती यादी आणि तो नकाशा घेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, "साहेब, तुमचा एक किलोमीटर बघितला. आता आमचा बघा."

वेस दगडाची होती तेव्हा ती ओलांडायला लोकांना मार खावा लागला. आत्ताची वेस कागदाची आहे. कागद फाडता येतो. त्याहून बरं म्हणजे, कागद पुन्हा लिहिता येतो, आणि लिहायला आता आपल्याला येतं.

जयभीम!